सामायिक कंपोनंट लायब्ररीची बिल्ड व्यवस्था नव्याने कशी बसवावी

बेळगावात टिळकवाडीपासून उद्यमबागेपर्यंत विखुरलेल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांकडे येणारे काम साधारण एकाच धाटणीचे असते. फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी ऑर्डर व साठ्याच्या नोंदी, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील पतसंस्था आणि दूध संस्थांची खाती, साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणी, अशी ही कामे असतात. या प्रत्येक ॲपला बटन, तक्ता, तारीख, रक्कम भरण्याचा रकाना आणि मराठी, कन्नड, इंग्रजी अशी भाषा बदलण्याची सोय लागतेच, म्हणून कोणीतरी कधीतरी हे सगळे घटक (कंपोनंट) एका लायब्ररीत, म्हणजे रिॲक्ट या पडद्यावरचे भाग रचण्याच्या जावास्क्रिप्ट साधनावर बेतलेल्या सामायिक संग्रहात, गोळा केलेले असतात. २०१८-१९च्या सुमारास सुरू झालेली अशी लायब्ररी बहुधा वेबपॅक ४ (अनेक फाइली एकत्र बांधणारा ‘बंडलर’), बेबल (नवे जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणारे साधन) आणि नोड-सॅस (सॅस भाषेतून सीएसएस काढणारे साधन) यांच्यावर उभी असते; जिने किंवा ज्याने ती बसवली ती व्यक्ती पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली असते, आणि बिल्ड, म्हणजे सोर्समधून वापरण्याजोग्या फाइली बांधण्याची क्रिया, चालते आहे तोवर त्या व्यवस्थेला कोणी हात लावत नाही.

हात लावण्याची वेळ नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाची) आवृत्ती बदलताना येते. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या नोड १७पासून ओपनएसएसएल ३ ही कूटलेखनाची लायब्ररी वापरात आली. वेबपॅक ४ फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी ओळखखूण) काढण्यासाठी एमडी४ ही जुनी पद्धत वापरते आणि ओपनएसएसएल ३मध्ये ती मुळात बंद आहे, त्यामुळे बिल्ड पहिल्याच पायरीवर कोसळते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंटर्नशिपसाठी आलेल्या मुलीच्या लॅपटॉपवर नोडची नवी आवृत्ती असते, आणि तिचा पहिला दिवस एक बटन पाहण्याऐवजी जुना नोड शोधण्यात जातो. पर्यावरण चलात लेगसी प्रोव्हायडरचा, म्हणजे अशा बंद केलेल्या जुन्या पद्धती पुन्हा चालू करणारा, पर्याय टाकला की काम तात्पुरते भागते, परंतु त्या एका ओळीच्या आधाराने आणखी चार वर्षे काढणे योग्य नाही.

पुढील सगळ्या मांडणीचा भर एका गोष्टीवर आहे. बिल्डचे साधन बदलणे आणि लायब्ररी वापरणाऱ्या ॲपशी असलेला करार बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि ती एकाच रिलीजमध्ये कधीही करू नयेत. उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीने क्युपोला ही जुनी भट्टी काढून विजेची इंडक्शन फर्नेस बसवली, तरी गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या कास्टिंगचे माप तेच राहते; नव्या साधनाने बांधलेल्या पहिल्या रिलीजकडून आपणही तेवढीच अपेक्षा ठेवावी. फाइलींची ठिकाणे, सीएसएस मिळण्याची पद्धत, मॉड्यूलचे प्रकार, सीएसएस क्लासची नावे यांतले काहीही त्या रिलीजमध्ये बदलू नये. जे बदलायचे आहे ते पुढच्या मेजर (जुना वापर मोडू शकणाऱ्या) आवृत्तीत, आधी सांगून बदलावे.

सध्या बाहेर काय जाते, ते आधी नोंदवा

कोणतीही नवी कॉन्फिग फाइल लिहिण्यापूर्वी सध्याच्या व्यवस्थेतून एनपीएम या नोडच्या पॅकेज साधनाचा ‘पॅक’ आदेश चालवून पॅकेजचा टारबॉल (प्रकाशित होणाऱ्या फाइलींचा एकच गठ्ठा) तयार करावा, तो उघडावा आणि जपून ठेवावा. लायब्ररी म्हणजे रेपोतला (कोड साठवण्याच्या जागेतला) सोर्स अशी आपली समजूत असते. वापरणाऱ्या ॲपच्या दृष्टीने मात्र लायब्ररी म्हणजे हा टारबॉल. त्यात कोणत्या फाइली आहेत, पॅकेज डॉट जेसन या पॅकेजची माहिती सांगणाऱ्या फाइलीतील मेन आणि मॉड्यूल ही क्षेत्रे कुठे बोट दाखवतात, टाइपच्या फाइली आहेत का, फाँट आणि चित्रे वेगळी आहेत की जावास्क्रिप्टच्या पोटात गेलेली आहेत, हे एकदा स्वस्थपणे पाहावे. पुढची सगळी तुलना याच टारबॉलशी करायची आहे.

त्यानंतर दुसऱ्या बाजूने पाहावे. लायब्ररी वापरणाऱ्या प्रत्येक ॲपच्या रेपोत तिच्या नावाचा शोध घेऊन इम्पोर्टच्या सगळ्या ओळी एकत्र कराव्यात. मुख्य नावाने घेतलेले इम्पोर्ट सोपे असतात. अडचण असते ती डिस्ट (बिल्डमधून निघालेल्या फाइलींच्या) फोल्डरच्या आतील एखाद्या फाइलचा थेट मार्ग लिहून घेतलेल्या इम्पोर्टची. तारखेचे एक सहायक फंक्शन, रंगांची सॅस फाइल, एखादे चिन्ह, असे काहीतरी अधिकृतपणे बाहेर दिलेले नसते. पण गरज असते, म्हणून कोणीतरी आत जाऊन घेतलेले असते. नव्या पद्धतीत पॅकेज डॉट जेसनमध्ये एक्स्पोर्ट्स हे क्षेत्र लिहिले, की त्यात नसलेले सर्व मार्ग बंद होतात आणि हे सगळे इम्पोर्ट एकाच दिवशी तुटतात. म्हणून पहिल्या नव्या रिलीजच्या एक्स्पोर्ट्स यादीत हे आडमार्गही जसेच्या तसे ठेवावेत, मग ते दिसायला कितीही ओंगळ असोत.

याच फेरीत प्रत्येक ॲपचा बंडलर व त्याची आवृत्ती, रिॲक्टची आवृत्ती आणि चाचण्यांचे साधन यांचा एक तक्ता करावा. हा तक्ता पुढे प्रत्येक निर्णयाला लागतो. एखाद्या दूध संकलन केंद्राचे जुने पान लायब्ररीची यूएमडी फाइल (बंडलरशिवाय थेट पानात घेता येणारी) साध्या स्क्रिप्ट टॅगने ओढत असेल, तर ते कोणत्याही पॅकेज डॉट जेसनमध्ये दिसणार नाही. त्यासाठी ते काम पाहणाऱ्या माणसालाच विचारावे लागते.

एक गोष्ट विशेष काळजीने पाहावी. जुन्या बिल्डमध्ये स्टाइल-लोडर वापरलेला असेल, तर सीएसएस जावास्क्रिप्टमध्ये मिसळलेले असते आणि पान उघडताच आपोआप लागू होते. अशा ॲपमध्ये कोणीही सीएसएसची फाइल वेगळी इम्पोर्ट केलेली नसते. वीट किंवा रोलअप या नव्या बंडलरांकडे जाताना सीएसएस वेगळ्या फाइलीत निघते, बिल्ड यशस्वी होते, चाचण्याही हिरव्या राहतात, आणि मग खानापूरहून फोन येतो: ‘सर, पान उघडतंय, पण रंगबिंग सगळा गेलाय की हो.’ हा करारातला बदल आहे, आणि तो आधी ओळखला तरच टाळता येतो.

जुन्या साधनांवर असतानाच उरकायची कामे

नव्या बंडलरकडे जाण्याआधी जितकी कामे जुन्या बंडलरवर होतील तितकी करून घ्यावीत, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली की काय बिघडले ते लगेच कळते.

पहिले काम नोड-सॅस काढण्याचे. ते सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या लिबसॅसवर चालते आणि नोडच्या प्रत्येक मेजर आवृत्तीसाठी त्याची वेगळी बायनरी लागते. लिबसॅस तर ऑक्टोबर २०२०मध्येच कालबाह्य म्हणून जाहीर झाले. त्याच्या जागी डार्ट सॅस घ्यावे. वेबपॅक ४सोबत सॅस-लोडरची १०वी आवृत्ती चालते, ११वीपासून वेबपॅक ५ लागते, हे ध्यानात ठेवले की ही अदलाबदल जुन्या बिल्डमध्येच करता येते. डार्ट सॅस भागाकारासाठी वापरलेल्या तिरक्या रेघेवर इशारे देईल, आणि १.८० आवृत्तीपासून सॅसच्या इम्पोर्ट नियमावरही देईल. भागाकार लगेच दुरुस्त करावेत. इम्पोर्टऐवजी यूज लिहिण्याचे काम मोठे असते, म्हणून ते स्वतंत्र ठेवावे. बाहेर पडलेले सीएसएस जुन्या टारबॉलमधल्या सीएसएसशी ओळीने ओळ ताडून पाहावे. दशांश स्थळांचे किरकोळ फरक सोडता दुसरा फरक दिसला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

दुसरे काम नोडची आवृत्ती वाढवण्याचे. इथे लेगसी प्रोव्हायडरचा पर्याय तात्पुरता वापरायला हरकत नाही, कारण तो कधी काढायचा हे आता ठरलेले आहे. आपल्या भागातल्या लायब्ररींना या पायरीवर एक खास अनुभव येतो, तो सविस्तर सांगतो. नोड १२पर्यंतच्या नेहमीच्या बिल्डमध्ये आंतरराष्ट्रीयीकरणाची माहिती फक्त इंग्रजीची असे. २०१९च्या नोड १३पासून ती सर्व भाषांची आली. जुन्या नोडवर लिहिलेल्या चाचण्यांत रक्कम मराठी लोकॅलने (भाषा-प्रदेशाच्या संकेताने) मांडली, तरी उत्तर निमूटपणे इंग्रजी पद्धतीचे येई: इंग्रजी अंक आणि तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम. नव्या नोडवर त्याच चाचणीत १,२३,४५६ असे देवनागरी अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम येतात, आणि ढीगभर स्नॅपशॉट (चाचणीने जपून ठेवलेली आधीची उत्तरे) लाल होतात. कन्नड लोकॅलने मात्र अंक इंग्रजीच राहतात, कारण त्या भाषेची मूळ निवड तशी आहे.

अशा वेळी स्नॅपशॉट एका आदेशाने अद्ययावत करून मोकळे होण्याचा मोह होतो. तसे करू नये. ब्राउझरमध्ये गिऱ्हाइकाला देवनागरी अंक आधीपासूनच दिसत होते. चाचणीला ते आता दिसू लागले आहेत. पतसंस्थेच्या पावतीवर मराठी पानात देवनागरी आणि कन्नड पानात इंग्रजी अंक हवे आहेत का, हे त्या संस्थेच्या माणसांना विचारावे, आणि उत्तर येईल त्याप्रमाणे लोकॅलच्या संकेतासोबत अंकपद्धती स्पष्ट लिहून टाकावी. हा निर्णय नोडच्या आवृत्तीवर सोपवलेला असू नये.

याच टप्प्यात लॉक फाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) रेपोत आहे आणि सीआयवर (आपोआप बिल्ड व चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेवर) एनपीएम सीआय हाच आदेश चालतो याची खात्री करून घ्यावी, आणि पॅकेज डॉट जेसनच्या इंजिन्स क्षेत्रात नोडची किमान आवृत्ती लिहावी. ऑफिसात व्हर्डाचिओसारखी स्थानिक रजिस्ट्री बसवता आली तर अवश्य बसवावी. एकदा उतरवलेली पॅकेजे तिच्यात साठून राहतात, आणि पावसाळ्यात ऑफिसचे इंटरनेट तासन् तास गेले तरी बिल्ड अडत नाही. शिवाय नव्या आवृत्त्या जगासमोर न आणता तपासण्यासाठीही तिचा पुढे उपयोग होतो.

साधनाची निवड

लायब्ररीत सीएसएस नसेल आणि फक्त टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहिता येणारे जावास्क्रिप्ट) असेल, तर बंडलरची गरजच नाही. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर पुरेसा आहे. बहुतेक कंपोनंट लायब्ररींत सीएसएस मॉड्यूल, एसव्हीजी चिन्हे आणि फाँट असतात. त्यांच्यासाठी माझी पसंती वीटच्या लायब्ररी मोडला आहे. इव्हान यू यांनी २०२०मध्ये आणलेले हे साधन प्रॉडक्शन बिल्डसाठी रोलअपवर उभे राहिले, आणि रोलअपच्या जागी रस्टमध्ये लिहिलेले रोलडाउन आणण्याचे काम वीटच्याच चमूने हाती घेतले. म्हणजे आज केलेली गुंतवणूक पुढेही कामी येईल. स्टोरीबुक हे कंपोनंट सुटे पाहण्याचे साधन ७व्या आवृत्तीपासून वीटवर नीट चालते, व्हिटेस्ट हे चाचण्यांचे साधन तीच कॉन्फिग वाचते, आणि ॲपही हळूहळू वीटकडे येत असतील तर चमूला एकच साधन शिकावे लागते. लहान चमूत हे शेवटचे कारण सर्वांत वजनदार ठरते. नुसत्या रोलअपनेही सर्व काही होते, पण त्यासाठी प्लगइनची मोट स्वतः बांधावी लागते.

चाचण्या जेस्ट या जुन्या साधनावरून व्हिटेस्टवर नेण्याचे काम याच वेळी करू नये. बंडलर बदलत असताना जुन्या चाचण्या जशाच्या तशा चालत राहणे हाच आपला आधार असतो.

कॉन्फिगमधील नाजूक जागा

लायब्ररीची बिल्ड आणि ॲपची बिल्ड यांत मोठा फरक आहे. ॲपची बिल्ड ब्राउझरसाठी असते, लायब्ररीची बिल्ड दुसऱ्या बंडलरसाठी. म्हणून लायब्ररीत कोड आवळू नये, पॉलिफिल (जुन्या ब्राउझरसाठीची भर) घालू नयेत, आणि प्रिझर्व्ह मॉड्यूल्सचा पर्याय चालू ठेवून प्रत्येक कंपोनंटची फाइल वेगळी राहू द्यावी, म्हणजे ज्या ॲपला फक्त बटन हवे त्याच्या गळ्यात तक्ता पडत नाही.

रिॲक्ट लायब्ररीच्या आत बांधले जाता कामा नये; ते पिअर डिपेंडन्सी (वापरणाऱ्या ॲपने पुरवायचे पॅकेज) असावे आणि कॉन्फिगमध्ये एक्स्टर्नल (बंडलबाहेर ठेवायचे) म्हणून घोषित केलेले असावे. एवढे सगळ्यांना माहीत असते. निसटते ते पुढचे. एक्स्टर्नलच्या यादीत नुसते ‘रिॲक्ट’ हे नाव लिहिले, तर रोलअप ते तंतोतंत जुळवून पाहतो, आणि नव्या जेएसएक्स (जावास्क्रिप्टमध्ये टॅगसारख्या लिहिलेल्या मांडणीच्या) रूपांतराने आपोआप येणारा रिॲक्ट/जेएसएक्स-रनटाइम हा मार्ग त्यात बसत नाही. तो निमूटपणे बंडलमध्ये शिरतो. रिॲक्ट १८ वापरणाऱ्या ॲपमध्ये काही जाणवत नाही. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या रिॲक्ट १९वर तेच ॲप नेले की आत अडकलेला जुना रनटाइम रिॲक्टच्या अंतर्गत वस्तू शोधू लागतो, त्या आता तिथे नसतात, आणि पान पांढरे पडते. म्हणून नावांच्या यादीऐवजी रिॲक्ट आणि रिॲक्ट-डॉम यांनी सुरू होणारे सर्व मार्ग पकडणारा नमुना लिहावा. बिल्ड झाल्यावर बाहेर पडलेल्या फाइलींत ‘रिॲक्ट करंट ओनर’ हे नाव शोधावे. ते सापडले तर रनटाइम आत शिरला आहे असे समजावे. तक्त्यात एखादे ॲप रिॲक्ट १६.१४च्या आधीच्या आवृत्तीवर दिसत असेल, तर त्याच्याकडे हा रनटाइमच नाही, आणि ते ॲप वर येईपर्यंत जुनेच क्लासिक रूपांतर चालू ठेवावे लागते.

जावास्क्रिप्टचे लक्ष्य ठरवताना आपला तक्ता पुन्हा काढावा. इंटरनेट एक्स्प्लोरर ११ जून २०२२मध्ये निवृत्त झाला असल्याने ईएस ५ या जावास्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीपर्यंत खाली उतरण्याचे कारण उरलेले नाही. तरीही जोवर एखादे ॲप वेबपॅक ४वर आहे तोवर ईएस २०१९च्या वर जाऊ नये. वेबपॅक ४च्या पार्सरला प्रश्नचिन्ह-टिंबाची ऐच्छिक साखळी आणि दुहेरी प्रश्नचिन्ह कळत नाही, आणि नोड मॉड्यूल्स फोल्डर सहसा बेबलमधून वगळलेला असतो. ब्राउझरला चालणारा कोड मधल्या बंडलरला चालत नाही, ही गोष्ट नव्याने काम करणाऱ्यांना चटकन पटत नाही, म्हणून हे कारण कॉन्फिग फाइलमध्येच टिपणीत लिहून ठेवावे.

सीएसएस मॉड्यूलच्या क्लासची नावे नव्या साधनात वेगळ्या हॅशने तयार होतात. कोणी त्या नावांवर विसंबून असू नये हे खरे असले, तरी चाचण्या आणि दुरुस्तीची सीएसएस फाइल यांत ती सापडतातच. नावे तयार करण्याचा नमुना जुन्या बिल्डप्रमाणे बसवून घ्यावा. सीएसएस फाइलचे नावही ठरवून द्यावे, कारण वीट ५पर्यंत ते स्टाइल डॉट सीएसएस असे येई आणि वीट ६पासून पॅकेजच्या नावावरून येते. स्टाइल-लोडरची जुनी सवय असलेल्या ॲपसाठी, मुख्य फाइलच्या सुरुवातीला सीएसएसचा इम्पोर्ट जोडणारा छोटा प्लगइन या पहिल्या रिलीजपुरता ठेवावा.

टाइपसंबंधी थोडक्यात सांगायचे, तर वीट टाइप तपासत नाही, फक्त पुसून टाकते. त्यामुळे टाइपस्क्रिप्टचा कंपायलर वेगळा चालवून तपासणी करावी आणि त्याच्याकडूनच डिक्लरेशन (टाइपच्या) फाइली काढाव्यात.

फाँट

बेळगाव भागातल्या लायब्ररीला देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही फाँट, दोन-तीन वजनांत, सोबत ठेवावे लागतात, आणि या एका कारणाने वीटचा लायब्ररी मोड आपल्याला इतरांपेक्षा जास्त अडवतो. लायब्ररी मोडमध्ये सीएसएसने उल्लेख केलेली प्रत्येक फाइल, ती कितीही मोठी असली तरी, बेस ६४ करून सीएसएसच्या आत भरली जाते. या रूपांतराने आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, आणि त्याहून वाईट म्हणजे फक्त इंग्रजी पान उघडणाऱ्यालाही दोन्ही लिप्यांचे सर्व फाँट आधी उतरवावे लागतात. चिकोडीच्या बाजारात साध्या मोबाइलवर पावती पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा भार लगेच जाणवतो.

यावर उपाय असा, की फाँट-फेसचे नियम बंडलरच्या वाटेवर येऊच देऊ नयेत. ते एका वेगळ्या सीएसएस फाइलीत लिहावेत, ती फाइल आणि शेजारच्या वॉफ २ (फाँटच्या) फाइली बिल्डच्या शेवटी जशाच्या तशा डिस्टमध्ये उतरवाव्यात, आणि एक्स्पोर्ट्समध्ये तिला स्वतंत्र मार्ग द्यावा. पहिल्या रिलीजमध्ये करार मोडू नये म्हणून मुख्य सीएसएसच्या माथ्यावर याच फाइलीचा साधा सीएसएस इम्पोर्ट, बंडलरचे काम संपल्यानंतर, जोडता येतो.

प्रत्येक नियमात युनिकोड-रेंज लिहावी, म्हणजे त्या लिपीचे अक्षर पानावर असेल तरच ब्राउझर तो फाँट उतरवतो. देवनागरीचा मुख्य पट्टा ०९०० ते ०९७एफ आणि कन्नडचा ०सी८० ते ०सीएफएफ असा आहे. नुसता पट्टा लिहून थांबू नये. २००सी आणि २००डी ही जोडणारी व तोडणारी अदृश्य चिन्हे दोन्ही यादींत हवीत, नाहीतर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र जिथे जोडचिन्हाने लिहिला गेला आहे तिथे अक्षर तुटण्याचा धोका राहतो. कन्नडमधील काही जोडाक्षरेही याच चिन्हांवर अवलंबून असतात. रुपयाचे चिन्ह २०बी९ हेही घालावे, कारण रकमेच्या आकड्यांशेजारी वेगळ्या फाँटमधले रुपयाचे चिन्ह डोळ्यांना खुपते.

पॅकेज डॉट जेसन

एक्स्पोर्ट्समध्ये प्रत्येक मार्गाखाली टाइप्स ही अट सर्वांत आधी आणि डीफॉल्ट सर्वांत शेवटी यावी, कारण अटी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळणारी घेतली जाते. वेबपॅक ४ हे क्षेत्र वाचतच नाही. त्याच्यासाठी जुनी मेन आणि मॉड्यूल ही क्षेत्रे तशीच ठेवावीत, आणि ईएस मॉड्यूलच्या (नव्या इम्पोर्ट पद्धतीच्या) फाइलींना एमजेएस हा प्रत्यय देणे टाळावे, कारण तो दिसला की वेबपॅक ४ कडक नियम लावते आणि कॉमन जेएस (जुन्या रिक्वायर पद्धतीच्या) पॅकेजमधून नावाने घेतलेले इम्पोर्ट नाकारते. जेस्ट वापरणाऱ्या ॲपसाठी कॉमन जेएसची प्रतही लागते, तीही चालू ठेवावी.

साइड इफेक्ट्स या क्षेत्रात सरसकट नाही असे लिहू नये. तसे लिहिले, तर ॲपचा बंडलर सीएसएसचा इम्पोर्ट निरुपयोगी समजून गाळून टाकतो, आणि तेही फक्त प्रॉडक्शन बिल्डमध्ये, म्हणजे विकसकाच्या यंत्रावर सगळे ठीक दिसत असताना. सीएसएसच्या फाइलींचा नमुना त्या यादीत द्यावा.

तपासणी

आता नव्या बिल्डचा टारबॉल काढून सुरुवातीला जपलेल्या टारबॉलशेजारी उघडावा आणि फाइलींच्या याद्या ताडून पाहाव्यात. नव्या यादीत काही जास्त असेल तर चालेल; जुन्यातले काही नसेल तर त्याचे कारण हवे. पब्लिंट हे साधन पॅकेज डॉट जेसन आणि प्रत्यक्ष फाइली यांतील विसंगती दाखवते, आणि ‘आर द टाइप्स राँग’ हे साधन प्रत्येक प्रकारच्या इम्पोर्टला योग्य टाइप मिळतात का ते सांगते. दोन्ही सीआयमध्ये कायमची बसवावीत.

खरी परीक्षा मात्र ॲपमध्ये होते. तक्त्यातून किमान तीन वेगळ्या जातीची ॲप निवडावीत, म्हणजे वेबपॅक ४वरचे एक, वीटवरचे एक आणि जेस्टच्या भरपूर चाचण्या असलेले एक, आणि त्यांत टारबॉल किंवा स्थानिक रजिस्ट्रीतील आवृत्ती बसवून प्रॉडक्शन बिल्ड काढावी. एनपीएम लिंकवर विसंबू नये. लिंकमुळे लायब्ररीच्या स्वतःच्या नोड मॉड्यूल्समधले रिॲक्ट उचलले जाते, पानात दोन रिॲक्ट होतात आणि हुकची (रिॲक्टच्या खास फंक्शनांची) खोटी चूक दिसते. उलट, पॅकेजमध्ये जायला विसरलेली फाइल मात्र लिंकमधून व्यवस्थित सापडते आणि खरी चूक लपते.

दिसण्याची तपासणी तिन्ही भाषांत करावी. स्टोरीबुकमधील प्रत्येक कंपोनंटची जुन्या आणि नव्या बिल्डमधील चित्रे प्लेराइट या ब्राउझर चालवणाऱ्या साधनाने काढून जुळवता येतात. इंग्रजी चित्रे जुळली म्हणून समाधान मानू नये. देवनागरीच्या मात्रा ओळीच्या वर जातात, कन्नडचे ओत्ताक्षर (जोडाक्षरातला खाली लिहिला जाणारा भाग) ओळीच्या खाली लोंबते, आणि ओळीच्या उंचीत पडलेला किंचित फरकही बटनातल्या अक्षराचा पाय कापतो. चमूत कन्नड वाचणारी व्यक्ती असते. तिच्याकडून ही चित्रे बघून घ्यावीत, कारण फक्त मराठी वाचणाऱ्या डोळ्यांना तुटलेले ओत्ताक्षर ओळखू येत नाही.

रिलीज

पहिली नवी आवृत्ती नेक्स्ट या टॅगखाली प्रकाशित करावी, म्हणजे ती मुद्दाम मागणाऱ्यालाच मिळते. करार जपलेला असल्यामुळे हिला मायनर (जुना वापर न मोडणारी) आवृत्ती म्हणता येते, तरी सोबतच्या टिपणात बिल्डचे साधन बदलल्याचे ठळकपणे लिहावे आणि जुन्या आवृत्तीचा नेमका क्रमांक द्यावा, म्हणजे अडचण आल्यास परत कुठे जायचे हे शोधावे लागत नाही.

वेळ निवडताना कॅलेंडर पाहावे. पतसंस्थांची ॲप ३१ मार्चच्या आसपास हलवू नयेत. ताळेबंदाच्या आठवड्यात कॅशियरला पावतीवरचा किंचित बदलही नको असतो. साखर कारखान्यांची ॲप गाळप हंगाम सुरू होण्याआधी किंवा संपल्यानंतरच हलवावीत, कारण हंगामात रात्रपाळीतही उसाच्या गाड्या काट्यावर उभ्या असतात. पावसाळ्याचे महिने या कामाला बरे पडतात.

सर्व ॲप नव्या आवृत्तीवर आल्यावर वेबपॅकची कॉन्फिग, बेबलचे प्रीसेट आणि लेगसी प्रोव्हायडरची ती ओळ रेपोतून काढून टाकावी, आणि मगच मेजर आवृत्तीची तयारी करावी. आडमार्गांचे इम्पोर्ट बंद करणे, सीएसएस आणि फाँट ॲपने स्वतः इम्पोर्ट करणे, यूएमडी फाइल थांबवणे ही कामे त्या आवृत्तीत बसतात. वेबपॅक ४वरील शेवटचे ॲप हलले की लक्ष्य ईएस २०१९वरून वर नेता येते. कॉमन जेएसची प्रत काढण्याची घाई करू नये, नोड २२.१२पासून रिक्वायरने ईएस मॉड्यूल थेट घेता येते हे खरे, पण तक्त्यातील जेस्टवरची ॲप व्हिटेस्टवर येईपर्यंत ती प्रत लागणारच आहे. प्रत्येक ॲपच्या नावापुढे ते व्हिटेस्टवर येण्याची तारीख लिहून घ्यावी, आणि सर्वांत उशिराची तारीख हीच मेजर आवृत्तीची तारीख धरावी.